नऊ बाटल्या घेऊन जळकोटला

बॅग भरताना तुम्ही सगळ्यात आधी काय टाकता? चार्जर? मी चार्जरच्याही आधी माझा पाऊच टाकते. त्यात फेसवॉश, टोनर, व्हिटॅमिन सीचं सीरम, नियासिनामाइडचं सीरम, ग्लायकोलिक अ‍ॅसिड, रेटिनॉल, डे क्रीम, नाइट क्रीम आणि सनस्क्रीन. मोजल्यात का? बरोब्बर नऊ!

आता तुम्हाला वाटेल, हिचा चेहरा कसला चमकत असेल. छे! गाल कायम लालबुंद, नाकाच्या दोन्ही बाजूंना खपल्या. मीटिंग रूममधल्या एसीचा झोत अंगावर आला की चेहरा असा ताणला जायचा, जणू कुणी मागून घट्ट क्लिप लावलीय. कुणी विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, ‘‘अगं, माझी स्किन ना, खूप सेन्सिटिव्ह आहे.’’ आणि मग त्या सेन्सिटिव्ह स्किनसाठी मी दहावी बाटली शोधायला लागायचे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मामाचा फोन आला. ‘‘येळवशीला येणार का न्हाई? दरवर्षी ऑफिस, ऑफिस करतीस.’’

तीन दिवसांची सुट्टी टाकली आणि पाऊच घेऊन निघाले.

जळकोट, पण कोणतं?

आधी एक सूचना. तिकीट काढताना घोळ होतो. लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचा अख्खा तालुका आहे. माझं आजोळ ते नव्हे. माझं जळकोट धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादमधलं. तालुका तुळजापूर. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलात की तांदूळवाडी, इटकळ, अणदूर, नळदुर्ग आणि मग जळकोट. पुढे हाच रस्ता येणेगूर करत उमरग्याला जातो. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणायचे, आता तो ६५ आहे. पुण्याहून रात्री हैदराबादची बस पकडली की पहाटे, दात वाजत, तुम्ही फाट्यावर उभे!

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरवर ती बारीक अक्षरात असते, पण लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या पट्ट्यात त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात पांडव मांडून पूजा करायची आणि मग आंबील, भज्जी, उंडे, गव्हाची खीर यांवर ताव मारायचा. आयटी पार्कातली पोरंसुद्धा या दिवसासाठी गाड्या काढून गावी येतात.

फेस कुठाय?

पहाटेचं पहिलं काम अंघोळ. चुलीवर तापलेलं, वाफाळतं पाणी, तेही बोअरचं. साबण चोळत राहिले, चोळत राहिले, पण फेस यायलाच तयार नाही! बादलीच्या आतल्या बाजूला पांढरा थर. शाळेत ‘दुष्फेन पाणी’ पाठ केलं होतं, ते हे. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळतात. फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि तो कातडीवर बसून राहतो.

अंघोळ झाली आणि पाच मिनिटांत तोंड चरचरायला लागलं. माझा निष्कर्ष तयार, ‘‘इथलं पाणीच वाईट!’’

पण थांबा. गुन्हेगार एकटं पाणी नाही. जड पाणी आणि एक्झिमा यांचा संबंध अभ्यासांत दिसलाय खरा, पण ब्रिटनमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरात पाणी ‘सॉफ्ट’ करणारं यंत्र बसवून काही फारसा फायदा झाला नाही. म्हणजे पाण्याला शिव्या घालून सुटका नाही. माझा खरा घोटाळा पाण्याच्या तापमानात आणि साबणात होता. आपल्या कातडीचा पीएच साधारण ५ असतो, म्हणजे किंचित आंबट. साध्या साबणाचा असतो ९ ते १०. त्यात कढत पाणी. कातडीवरचं तेलाचं नैसर्गिक अस्तर दोघांनी मिळून धुऊन नेलं. पुण्यात गीझरखाली वीस मिनिटं उभी राहून मी रोज हेच करत होते. फक्त तिथे फेस यायचा, म्हणून कळत नव्हतं.

मग पाऊच उघडला. ओसरीवर आरसा टांगून एकेक बाटली काढायला लागले. आजी सूप घेऊन समोर बसलेली. पाचव्या बाटलीला तिला राहवेना.

‘‘एवढं समदं एका तोंडाला?’’

‘‘रुटीन आहे आजी.’’

‘‘मग तोंड असं भाजल्यावानी का दिसाय लागलंय?’’

बोला आता!

तिने तिचा उपाय सांगितला, हळद, बेसन आणि वर लिंबू. इथे तुम्हाला वाटेल की आजीच्या बटव्याने जादू केली आणि लेख संपला. तसं काही झालं नाही. दहा मिनिटांत चेहरा असा पेटला की मी धावत जाऊन तोंड धुतलं. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास, आणि बेसन चोळून काढताना घासलं जातं ते वेगळंच. ‘घरगुती’ म्हणजे ‘सौम्य’, हा आपला फार लाडका गैरसमज आहे. आजीच्या राठ, उन्हात मुरलेल्या कातडीला ते सोसतं. माझ्या सोललेल्या गालांना नाही.

कोपीतली मुलगी

माझी मामेबहीण चोवीस वर्षांची. बीएड झालंय, शिक्षक भरतीची तयारी चाललीय. मागच्या वेळी आले होते तेव्हा फाट्यावर घ्यायला तीच आली होती, स्कूटीवर, वाऱ्यावर केस सोडून. या वेळी ती घरातून बाहेरच आली नाही. आली तीही चेहऱ्याला ओढणी गुंडाळून, फक्त डोळे दिसतील अशी. ‘‘ऊन लागतंय अक्का,’’ एवढंच म्हणाली. सकाळचे आठ वाजले होते.

शेतात गेल्यावर सगळे आंबिलीचं मडकं घेऊन रानात चर शिंपायला निघाले. मी त्यांच्यामागे. कमरेएवढी ज्वारी, बाजूला हरभरा. फोटो काढायच्या नादात हरभऱ्यात बसले, दोन घाटे तोडले आणि तोच हात गालाला लावला. झालं! परत आग. मामा हसायला लागला, ‘‘आंब लागली की गं!’’ हरभऱ्याच्या पानांवर जी आंब असते, ती म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिड. ग्लायकोलिक अ‍ॅसिडच्या बाटलीला मी पैसे मोजते, इथे अ‍ॅसिड फुकटात शेतभर!

बांधावर काँग्रेस गवत माजलेलं होतं. गाजर गवत म्हणा हवं तर. भारतात ते पसरल्याची नोंद १९५० च्या दशकात पहिल्यांदा झाली ती आपल्या पुण्यात, आणि त्याने होणाऱ्या त्वचारोगाचे सुरुवातीचे रुग्णही पुण्याच्याच डॉक्टरांनी नोंदवले. त्याचे बारीक कण हवेतून उडतात आणि पापण्या, मान, कोपराच्या खोबणीत खाज आणि पुरळ उठवतात. मामा दरवर्षी पावसाळ्यानंतर मान खाजवत बसतो आणि ‘उष्णता झालीय’ म्हणतो. तुम्हीही ट्रेकला जाऊन आल्यावर पापण्या सुजत असतील, तर नवीन क्रीमला दोष देण्याआधी रस्त्याकडेचं हे गवत आठवा.

मी कोपीत परत आले. आत ती एकटीच बसलेली. ओढणी सुटलेली होती. आणि मी पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला.

दोन्ही गाल टोमॅटोसारखे. कातडी इतकी पातळ की बारीक रक्तवाहिन्या दिसत होत्या. हनुवटीवर पुटकुळ्या, कल्ल्यांवर बारीक केस.

‘‘काय लावतेस?’’

तिने पर्समधून एक ट्यूब काढली. दोन वर्षांपूर्वी लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा मैत्रिणीने सांगितलेली. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, डाग गेले, सगळे म्हणायला लागले, काय गोरी दिसतीस! मग एका महिन्यात ट्यूब संपली आणि आणली नाही, तर तोंडाची आग-आग. परत लावली की शांत. ‘‘आता लावल्याबिगर झोप येत न्हाई,’’ ती म्हणाली.

ट्यूबवरची बारीक अक्षरं मोबाइलच्या टॉर्चमध्ये वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं तिसरं स्टिरॉइड आहे. हे मिश्रण डॉक्टर काही आठवड्यांसाठी, डागांवर, लक्ष ठेवून देतात. रोजचं फेअरनेस क्रीम म्हणून दोन वर्षं फासायला ते बनलेलंच नाही. स्टिरॉइडने सूज आणि लाली तात्पुरती दबते, रंग फिकट दिसतो आणि आतून कातडी पातळ होत जाते. मग चेहऱ्याला त्याचं अक्षरशः व्यसन लागतं. आपल्या देशात हे इतकं झालं की त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला वेगळं नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही मलमं विकायची नाहीत. नियम आहे. ट्यूबही पर्समध्ये आहे.

‘‘बंद केली तर काळी दिसेन, अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘उन्हाळ्यात पाहुणे यायचे आहेत.’’

मला पटकन तिला लेक्चर द्यावंसं वाटलं. रंगावर काय असतं वगैरे. तोंड उघडलं आणि माझ्याच पाऊचमधल्या सीरमवरचा शब्द आठवला, ‘ब्राइटनिंग’. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातलं ‘फेअर’ जाऊन तिथे ‘ग्लो’ आलं, तेव्हा आम्ही ऑफिसात टाळ्या वाजवल्या होत्या. पण मी ज्याला ‘ग्लो’ म्हणते आणि ती ज्याला ‘गोरं’ म्हणते, त्यात फरक किती? तिची एक ट्यूब, माझ्या नऊ बाटल्या. दोघींच्याही कातडीला आम्ही एक दिवस शांत बसू दिलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. तिच्या ताटात भज्जी वाढली. संध्याकाळी मात्र ठरवलं, परत जाताना हिला सोलापूरला घेऊन जायचं.

पाणीमहालात

दुसऱ्या दिवशी दोघी नळदुर्गला गेलो. जळकोटला येऊन नळदुर्ग न बघता परत जाणं म्हणजे गुन्हाच. बोरी नदी इथे किल्ल्यात घेतलीय. तिच्यावर भला मोठा दगडी बांध, आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल! इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतल्या सज्जात उभं राहिलं तरी तुम्ही कोरडे. हिवाळ्यात धबधबे नसतात. गर्दीही नसते. पाणी शांत, हिरवट, आणि वर बगळे.

त्या बांधाच्या भिंतीला हात लावून बसलो होतो. चारशे वर्षं एवढं पाणी अडवून उभी आहे, कारण दगडांमधले सांधे पक्के आहेत. कातडीचा सगळ्यात वरचा थर असाच असतो. पेशींचे दगड आणि मध्ये स्निग्ध पदार्थांचा चुना. सांधा शाबूत असला की आतला ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरचं काही आत शिरत नाही. आम्ही दोघींनी तो चुनाच खरवडून काढला होता. मी अ‍ॅसिडने, तिने ट्यूबने. मग साधं पाणीसुद्धा झोंबणार नाही तर काय? ‘सेन्सिटिव्ह स्किन’ काहींची जन्मजात असते, हे खरं. पण बऱ्याच जणींची ती आपणच मेहनतीने, पैसे खर्चून तयार केलेली असते.

घरी आल्यावर मामीला सांगितलं. मामी आधी गप्प बसली. मग म्हणाली, ‘‘उन्हाळ्यापतोर तोंड निवळंल का पण?’’ त्या प्रश्नात काळजी होती, आणि घाईसुद्धा. ‘‘डॉक्टरांना विचारू,’’ मी म्हटलं. खोटं कशाला सांगायचं?

डॉक्टर काय म्हणाले

सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूब मागितली. तिने ती टेबलावर ठेवली, मान खाली. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘रोज माझ्याकडे अशा मुली येतात. आणि मुलगेसुद्धा.’’ मग मुद्द्यावर आले. स्वतःच्या मनाने एका दिवसात बंद करायची नाही. एकदम थांबवलं की चेहरा उसळतो, आग होते, माणूस घाबरून परत तीच ट्यूब आणतो. ती कशी कमी करायची, मध्ये कोणतं औषध घ्यायचं, ते डॉक्टर ठरवणार. काही महिने लागतील. आधी बिघडेल, मग सुधारेल.

‘‘उन्हाळ्यापर्यंत?’’ तिने विचारलं.

‘‘तारीख देत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘रोज सकाळ-संध्याकाळ करायचं काम मात्र देतो.’’

मग माझ्याकडे वळले. मी मोठ्या अभिमानाने पाऊच उघडला. त्यांनी नऊ बाटल्या पाहिल्या आणि सात बाजूला सारल्या. ‘‘चार आठवडे हे बंद. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात. तुम्ही दर आठवड्याला नवीन बाटली आणली तर तिला कळणार कसं, काय चाललंय?’’

राहिल्या दोन, साधी डे क्रीम आणि सनस्क्रीन. सुगंधी फेसवॉशच्या जागी बिनवासाचा, बिनफेसाचा क्लेंझर आला. म्हणजे एकूण तीन. आम्हा दोघींच्या चिठ्ठ्यांवर खालचा भाग सारखाच होता. पुण्यातली मी आणि जळकोटची ती, रुटीन एकच!

रोजचं रुटीन, फक्त तीन वस्तूंचं

सकाळ: चेहरा कोमट किंवा साध्या पाण्याने धुवायचा. कोरड्या कातडीला सकाळी नुसतं पाणी पुरतं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. कातडी जराशी ओली असतानाच मॉइश्चरायझर. ग्लिसरिन, सिरॅमाइड किंवा पेट्रोलियम जेली असलेलं, साधं. मग सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं. नाजूक कातडीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं सहसा जास्त मानवतं. मात्रा म्हणजे पहिल्या दोन बोटांवर लांब रेघ ओढल्याएवढी, चेहरा आणि मानेला मिळून. शेतात किंवा किल्ल्यावर असाल तर दर दोन तासांनी परत. टोपी आणि ओढणी आहेच.

रात्र: बिनवासाच्या सौम्य क्लेंझरने एकदाच धुवा, स्क्रब नको. मग परत तेच मॉइश्चरायझर. बास!

अंघोळ: कढत नको. पाच-दहा मिनिटं पुरे. साबण बगल, जांघ, पाय आणि जिथे मळ आहे तिथेच. पाणी जड असेल तर साका राहणार नाही असं नीट खळखळून धुवा. लगेच अंगालाही मॉइश्चरायझर.

नवीन काही घेतलंत? आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी, दिवसातून दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघा. काही झालं नाही तरच चेहऱ्यावर. एका वेळी एकच नवी वस्तू.

लेबल वाचताना: ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ एक नव्हे. पहिल्यात वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. ‘हर्बल’ आणि ‘नॅचरल’ म्हणजे सौम्य, असंही नाही.

देवळातून आल्यावर: तुळजापूरचं कुंकू आणि नळदुर्गच्या खंडोबाचा भंडारा कपाळी लावायचाच, पण बाजारातल्या कुंकवात रंग मिसळलेले असतात आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी येते. खाज येत असेल तर रात्री झोपताना हलक्या हाताने धुऊन टाका. देवी रागवत नाही. टिकलीखाली पांढरा डाग दिसला तर टिकली थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी? महिनाभर साधं रुटीन पाळूनही लाली हटत नसेल, पापण्या सुजत असतील, किंवा एखादं क्रीम बंद केल्यावर आग होत असेल तर लगेच. ट्यूब सोबत न्या, आणि लपवू नका.

रात्री नऊ वाजता

या गोष्टीला आता अडीच महिने झाले. माझी लाली बरीच उतरलीय. खपल्या गेल्या. एसी अजून झोंबतो, पण मॉइश्चरायझरची छोटी ट्यूब डेस्कवर असते. सात बाटल्यांपैकी एकही परत उघडली नाही. खरं सांगायचं तर एकदा हात गेला होता.

तिचं सोपं नाही. तिसऱ्या आठवड्यात चेहरा इतका उसळला की तिने रात्री बाराला फोन केला, ‘‘अक्का, आणू का परत?’’ आम्ही तासभर बोलत बसलो. ट्यूब आणली नाही. रंग आधीपेक्षा सावळा दिसतोय, असं तिचं म्हणणं. पाहुण्यांचं काय, ते अजून ठरलेलं नाही. मामी मात्र गेल्या आठवड्यात स्वतःच तिला सोलापूरला तपासणीला घेऊन गेली.

रोज रात्री नऊला तिचा मेसेज येतो, एकच शब्द, ‘लावलं.’ म्हणजे मॉइश्चरायझर. मी पण उत्तर देते, ‘लावलं.’ मग दोघी झोपतो.

पुढच्या येळवशीला जाईन तेव्हा ती फाट्यावर घ्यायला येणार आहे. स्कूटीवर. सनस्क्रीन लावून, असं तिनेच बजावलंय.

कसं जाल? पुण्याहून सोलापूर साधारण २५० किलोमीटर, रेल्वेने किंवा बसने. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग, आणि तिथून पुढे जळकोट. उमरगा, हैदराबादकडच्या एसटी याच रस्त्याने जातात. नळदुर्ग किल्ला आणि तुळजाभवानीचं दर्शन एका वीकएण्डला जोडता येतं. धबधबे बघायचे तर भर पावसाळ्यात जा, आंबील प्यायची तर वेळ अमावास्येला. पाऊच छोटाच न्या.